दिवेलागणीची दहा मिनिटं

‘पाठ टेकली तरी झोप कुठं येते, बाई!’ आमच्या तिवस्यात हे घरोघरी ऐकू येतं. कापूस वेचून आलेली असो की ऑफिसातून, बाई घरात पाय ठेवते न ठेवते तोच गॅस पेटवते. रात्री अंग थकलेलं, पण छाती धडधडतच असते. काम संपलं, हे शरीराला कोणी सांगितलेलंच नसतं!

जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. तिथली सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आपल्या ओळखीची. शांत बसायचं, एका सुरात म्हणायचं. म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, अंग सैलावतं. भक्ती असो-नसो, ही सोय मोलाचीच.

पण आमच्या वस्तीत त्या वेळी सतरंजीवर बसतात ते बहुतेक पुरुष अन् पोरं. बायका पोळ्या लाटतात. हे मला पटत नाही. होऊ द्या स्वयंपाकाला दहा मिनिटं उशीर! हातपाय धुवा, मोबाइल दूर ठेवा, ओसरीवर बसा. चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. ओढून-ताणून नाही, जमेल तसा.

‘भाजी झाली का?’ असं कुणी विचारलंच, तर म्हणा, ‘तोवर लसूण सोला.’