गरम पाण्याचा टब : उपचार की चैन?

सांधे आखडलेल्या माणसाला गरम पाण्यात बसल्यावर बरे वाटते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर गुडघेदुखीने बेजार झालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. अमेरिकेत हीच सोय ‘हॉट टब’च्या रूपाने घराच्या मागच्या अंगणात येऊन बसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने असा टब बसवला, तर त्याचा खर्च प्राप्तिकरातून वजा करता येतो का? तिथल्या कायद्याचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. यातला ‘पण’ समजून घेतला, तर औषध कशाला म्हणायचे आणि सुखसोय कशाला, या प्रश्नाशी करखाते, न्यायालये आणि वैद्यकशास्त्र कसे झगडत आहेत, ते दिसते.

अमेरिकेत वैद्यकीय खर्चाची वजावट १९४२ पासून आहे. रोगाचे निदान, उपचार, प्रतिबंध किंवा त्याची तीव्रता कमी करण्यासाठी केलेला खर्च तिच्यात बसतो. नियमांनी त्याच वेळी एक कुंपणही घातले आहे. जो खर्च केवळ सर्वसाधारण प्रकृतीला हितकारक आहे, उदाहरणार्थ हवापालटासाठी केलेली सहल, तो वैद्यकीय खर्च नव्हे.

घरात केलेल्या कायमस्वरूपी बदलांसाठी आणखी एक अट आहे. खर्चामुळे घराची किंमत जेवढी वाढली, तेवढी रक्कम वजा करायची आणि उरलेलाच भाग वैद्यकीय खर्च धरायचा. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे महसूल खाते, आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत हृदयविकाराच्या रुग्णासाठी बसवलेल्या लिफ्टचे उदाहरण देते. लिफ्टला ८,००० डॉलर लागले, घराची किंमत ४,४०० डॉलरने वाढली, तर वैद्यकीय खर्च ३,६०० डॉलरचा. चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार किंवा न्हाणीघरातले आधाराचे दांडे यांनी घराची किंमत सहसा वाढत नाही, म्हणून तो खर्च पूर्ण धरला जातो. हॉट टबचे तसे नाही. तो घराची शोभाही वाढवतो आणि कुटुंबातले निरोगी सदस्यही त्यात डुंबतात.

न्यायालयांनी अशा प्रकरणांत साधी कसोटी लावली आहे : आजार नसता, तर हा खर्च झाला असता का? १९७८ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे एका दाम्पत्याचे प्रकरण आले. पत्नीला मणक्याचा गंभीर विकार होता, पोहण्याचा सल्ला खरा होता. पण बांधलेला बंदिस्त तलाव घराच्या वास्तुशैलीला साजेसा, जवळपास १,९५,००० डॉलरचा होता. उपचाराला पुरेशा ठरणाऱ्या साध्या तलावाचा खर्चच ग्राह्य, सौंदर्यासाठी केलेला जादा खर्च नाही, असे न्यायालयाने ठरवले. उलट १९८३ मध्ये तीव्र अस्थिसंधिवाताच्या एका रुग्णाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून केवळ व्यायामाच्या सोयीने बांधलेला अरुंद तलाव आयआरएसने स्वतःच मान्य केला. रोग खरा आणि सल्ला खरा असला, तरी वस्तू रोगासाठी घडवलेली आहे की हौसेसाठी, यावर निकाल फिरतो.

इतके सगळे जमले तरी हातात काय येते? समजा, एका जोडप्याचे वार्षिक उत्पन्न ९०,००० डॉलर आहे. वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांपेक्षा जितका जास्त, तितकाच वजा होतो. म्हणजे इथे पहिले ६,७५० डॉलर बाद. टब ९,००० डॉलरचा, घराची किंमत वाढली ३,००० डॉलरने, राहिले ६,०००. वर्षभराचा इतर वैद्यकीय खर्च ४,००० डॉलर धरला, तर एकूण १०,००० होतात आणि वजावट मिळते ३,२५० डॉलरची. या जोडप्याचा करदर १२ टक्के असेल, तर वाचलेला कर ३९० डॉलर. तोही घरकर्जाचे व्याज, देणग्या वगैरे धरून सर्व वजावटींची बेरीज प्रमाणित वजावटीहून अधिक भरली तरच. २०२५ साठी ही प्रमाणित वजावट जोडप्यांना ३१,५०० डॉलर होती. २०१७ च्या करसुधारणेने ती जवळपास दुप्पट केल्यापासून दहापैकी नऊच्या आसपास करदाते तीच घेतात. त्यांच्या दृष्टीने टबाच्या पावतीला करापुरती किंमत शून्य.

मग या विषयाची चर्चा थांबत का नाही? कारण खरा व्यवहार आता दुसऱ्या दाराने होतो. ‘हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट’, म्हणजे एचएसए, हे आरोग्य बचत खाते. ठरावीक प्रकारच्या विम्याबरोबर ते उघडता येते. त्यात भरलेल्या रकमेवर कर नाही आणि वैद्यकीय खर्चासाठी काढलेल्या रकमेवरही नाही. २०२५ मध्ये कुटुंबासाठी ८,५५० डॉलरपर्यंत रक्कम भरता येत होती. इथे ७.५ टक्क्यांचा उंबरठा नाही, वजावटींची बेरीज करावी लागत नाही. वैद्यकीय खर्चाची व्याख्या मात्र तीच, १९४२ च्या वजावटीची. वरच्या उदाहरणातले टबाचे ६,००० डॉलर या खात्यातून दिले, तर १२ टक्क्यांनी ७२० डॉलर वाचतात. तोच खर्च दोन्हीकडे दाखवता येत नाही, एवढे बंधन आहे.

या फरकातून एक नवा धंदा उभा राहिला. ऑनलाइन प्रश्नावली भरायची, शुल्क द्यायचे आणि ‘वैद्यकीय गरजेचे पत्र’ मिळवायचे. त्या पत्राच्या जोरावर सौनापासून पौष्टिक खाद्यापर्यंत काहीही करमुक्त पैशांतून घेता येईल, अशा जाहिराती झळकू लागल्या. मार्च २०२४ मध्ये आयआरएसने याविरुद्ध जाहीर इशारा दिला. तिने दिलेले उदाहरण मधुमेही माणसाचे आहे. पैसे मोजून चिठ्ठी घेतो, त्यावर कमी कर्बोदकांचे अन्न आणतो आणि शेवटी त्याचा दावा फेटाळला जातो, कारण अन्न हा वैद्यकीय खर्च नाही. एचएसएमधून चुकीच्या कारणासाठी पैसे काढले, तर त्यावर कर लागतो आणि वयाच्या ६५ वर्षांपूर्वी २० टक्के दंडही. ही जोखीम चिठ्ठी विकणाऱ्याची नसते, रुग्णाची असते. २०२५ च्या मोठ्या करकायद्यात व्यायामशाळेच्या शुल्कालाही या खात्याचे दार उघडण्याची तरतूद प्रतिनिधिगृहाने केली होती. अंतिम मसुद्यातून ती गळाली. पण जानेवारी २०२६ पासून सरकारी विमा बाजारातल्या ‘ब्राँझ’ योजनांनाही एचएसएची मुभा मिळाल्याने खातेदार वाढणार आणि जाहिरातीही.

प्रश्नाची वैद्यकीय बाजू यापेक्षा कमी गुंतागुंतीची नाही. पाण्यात शरीराचे वजन हलके भासते, सांध्यांवरचा भार कमी होतो, उबेने स्नायू सैलावतात. गुडघा आणि खुब्याच्या अस्थिसंधिवातासाठी पाण्यातल्या व्यायामाचा २०१६ चा कॉक्रेन आढावा १३ चाचण्यांवर आधारलेला आहे. वेदना आणि हालचालीत थोडी सुधारणा होते आणि ती अल्पकाळ टिकते, हा त्याचा निष्कर्ष. आमवातासाठी केवळ गरम पाण्यात बसण्याचा उपचार २०१५ मध्ये तपासला गेला. त्याचा फायदा ठामपणे सांगण्याइतका पुरावा हाती आला नाही. म्हणजे पुरावा आहे तो मुख्यतः पाण्यात हातपाय हलवण्याच्या बाजूने, नुसते बसण्याच्या नव्हे. चारजणांनी गप्पा मारत बसावे अशा घडणीच्या टबात व्यायामाला जागा फार नसते.

धोक्यांची यादी मात्र स्पष्ट आहे. पाणी ४० अंश सेल्सियसपेक्षा गरम नको. गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या महिन्यांत, आणि हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. त्याहून दुर्लक्षित धोका जंतूंचा. न्यूमोनियासारखा आजार करणारा लिजिओनेला जंतू साधारण २५ ते ४५ अंश तापमानात वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या टबातून ही साथ पसरली आणि किमान ३२ जण दगावले. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या जत्रेत हॉट टबच्या दालनाशी जोडलेल्या साथीत चौघांचा मृत्यू झाला. त्या टबात कोणी उतरलेही नव्हते, बाधा झाली ती जवळून जाणाऱ्यांना. पन्नाशीपुढचे लोक, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना हा धोका जास्त. आमवाताच्या अनेक रुग्णांना नेमकी अशीच औषधे चालू असतात. ज्याच्यासाठी टब ‘उपचार’ म्हणून आणला, तोच सर्वात आधी आजारी पडू शकतो. टबाच्या पाण्यात क्लोरिन किमान ३ पीपीएम ठेवणे आणि ते नियमित तपासणे म्हणूनच उपचाराचाच भाग ठरते. टबाचा मुख्य हेतू वैद्यकीय असेल, तर त्याच्या देखभालीचा खर्चही कायद्याने ग्राह्य आहे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना यात आणखी एक मुद्दा लागू होतो. आई-वडिलांच्या गुडघ्यांसाठी केलेला खर्च मुलाला दाखवता येतो, पण ते त्याच्यावर अवलंबून असले पाहिजेत आणि अमेरिकेचे नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचे रहिवासी असले पाहिजेत. पुण्या-नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेले आई-बाबा या व्याख्येत सहसा बसत नाहीत.

कर वाचवण्याच्या हिशेबात टब घेणारा माणूस बहुधा तोट्यात जातो. ज्याला खरोखर गरज आहे, त्याने क्रम उलटा ठेवावा. आधी आजार नीट ओळखणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे, पाण्यातला व्यायाम जवळच्या तलावात किंवा फिजिओथेरपी केंद्रात करून पाहणे, फरक पडला तर लेखी सल्ला घेणे, घराचे आधीचे आणि नंतरचे मूल्यांकन करून ठेवणे आणि खरेदी सर्वात शेवटी. कायद्यातली त्रुटी मात्र या शहाणपणाने भरून निघत नाही. वजावट असो वा बचत खाते, सवलतीचा आकार उत्पन्नाबरोबर वाढतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, कर भरण्याइतकी कमाई नसलेल्या संधिवाताच्या रुग्णाला तिचा उपयोग नाही. त्याला हवा आहे तो चालत जाता येईल असा सार्वजनिक कोमट तलाव आणि तिथे व्यायाम शिकवणारा माणूस. अंगणातल्या टबावरची करसवलत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.