गाडीतला रेडिओ कुणाच्या किल्लीवर चालतो?

गेल्या महिन्यात गाडीत नवा टेप बसवून घेतला. टेप म्हणायची सवय जुनी, आता तो नऊ इंचांचा पडदा असतो. घरातल्या पोरांचा हट्ट होता. दुकानातल्या मुलानं तासाभरात जुना डेक उपसला, पडदा चढवला, मागचा कॅमेरा दाखवला, यूट्यूब लावून दाखवलं. मी म्हटलं, रेडिओ लाव. नुसती खरखर. पुन्हा खोलून बघितलं, तर छतावरच्या अँटेनाची पिन त्यानं जोडलीच नव्हती. डॅशबोर्डच्या आत लोंबत होती. "सर, रेडिओ कोण लावतंय आता?" तो अगदी निरागसपणे म्हणाला. पिन जोडल्यावर एफएम लागलं. एएमचं बटणच नव्हतं.

जुना डेक मी पिशवीत घालून घरी आणला. तो अब्बांच्या अँबॅसिडरमधला. अब्बा टुरिस्ट गाडी चालवायचे. हैदराबादची ट्रिप असली की परतीच्या रात्री झोप उडवायला त्यांचा एकच उपाय, मध्यम लहरींवर आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस शोधायची. दिवसा ती लागायची नाही. सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर या लहरी परत खाली पाठवतो आणि शेकडो मैलांवरचं केंद्र ऐकू येतं. अब्बांना हे विज्ञान माहीत नव्हतं, पण सोलापूरच्या अलीकडं-पलीकडं कुठं आवाज स्वच्छ येतो हे पाठ होतं. 'तामील-ए-इरशाद' हा फर्माईशींचा कार्यक्रम लागला की गाडीत कुणी बोलायचं नाही.

त्यांची उर्दू त्या गाडीत झाली. शाळा चौथीपर्यंतची. घरात आमची दखनी, बाहेर मराठी. पण 'क़' आणि 'ख़' त्यांच्या तोंडून असे स्वच्छ निघायचे की बीएड करून आलेला मी शरमायचो. आज वर्गात मुलांना 'ग़म' आणि 'गम' वेगळे शिकवताना मला कळतं, हे फळ्यावर येत नाही. ते कानात पडावं लागतं, आणि रोज पडावं लागतं.

२००६ च्या सुमारास अब्बांनी कुणाकडं तरी वर्ल्डस्पेसचा संच ऐकला आणि ते वेडे झाले. नोआ समारा नावाच्या माणसानं १९९० साली ही कंपनी काढली. मूळ कल्पना आफ्रिकेची होती, जिथं रेडिओची केंद्रं पोहोचत नाहीत तिथं थेट उपग्रहावरून आवाज न्यायचा. आपल्या भागासाठी 'एशियास्टार' हा उपग्रह मार्च २००० मध्ये वर गेला. भारतात ए. आर. रहमान त्याची जाहिरात करायचे. शास्त्रीय संगीताला वेगळी वाहिनी, जुन्या हिंदी गाण्यांना वेगळी, आणि दिवसरात्र गझला! खरखर नाही, मध्ये बडबड नाही. वर्षाची वर्गणी भरायची, बस्स.

अब्बांनी फर्मान काढलं, हे गाडीत बसव. माझे दुल्हाभाई ऑटो इलेक्ट्रिशियन. पिवळी वायर बॅटरीची, लाल किल्लीची, काळी अर्थिंगची, हे त्यांना झोपेतही सांगता येतं. त्यांनी एक संच दोन दिवस मागून आणला आणि आम्ही खासबाग मैदानाजवळ गाडी उभी करून बसलो. घरगुती संचाची ती चपटी अँटेना उपग्रहाच्या तोंडासमोर धरावी लागायची. एशियास्टार कोल्हापुरातून पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५० अंश वर. आमचा किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं कललेला. म्हणजे अँटेना जवळजवळ किब्ल्याकडं पाठ करून बसवायची! यावर अब्बांनी दाढीतल्या दाढीत हसून घेतलं. बॉनेटवर अँटेना ठेवल्यावर आवाज असा आला की गाणारा मागच्या सीटवर बसलाय. दुल्हाभाईंनी गाडी सुरू करून मिरजकर तिकटीच्या दिशेनं वळवली. आवाज गेला. सरळ केली, आला. बाजूला इमारत आली, पुन्हा गेला.

"खडी गाडी में सुननेका, तो घर क्या बुरा है?" अब्बा म्हणाले, आणि संच दुसऱ्या दिवशी परत गेला.

दोष संचाचा नव्हता. चालत्या गाडीत उपग्रहाचा रेडिओ अखंड ऐकायचा तर शहरात जमिनीवरही पूरक प्रक्षेपक लागतात, इमारतींच्या सावलीत तेच आवाज पुरवतात. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी असे शेकडो उभारले, कारखान्यातूनच ट्यूनर बसवलेल्या गाड्या बाजारात आल्या, आणि २००८ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. आपल्याकडं ट्रायनं २००५ मध्ये उपग्रह रेडिओबद्दल शिफारशी केल्या, पण गाडीतली ती सेवा काही रस्त्यावर आली नाही. २००८ च्या ऑक्टोबरात वर्ल्डस्पेसनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. ज्यांनी हौसेनं संच घेतले होते त्यांच्याकडं एक डबा उरला. त्या डब्यावर उपग्रहाच्या वाहिन्या आता लागत नव्हत्या. अब्बांचा डेक मात्र चालू होता. त्याला कुणाची वर्गणी नको होती.

मला नेमकं हेच म्हणायचं आहे. ज्या आवाजाची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात असते, तो आवाज भाड्याचा असतो. आता भाडेकरूचं घर तेवढं बदललंय. पडद्यावर उर्दू लागते, नाही कोण म्हणतो? आकाशवाणीच्या अ‍ॅपवर उर्दू सर्व्हिस आहे, मी ती ऐकतो. पण आंबा घाटात शिरलं की रेंज जाते आणि निवेदक वाक्याच्या मध्यात गोठतो. शिवाय त्याला मोबाइल हवा, डेटा हवा, चष्मा हवा. अब्बांच्या वयाचा ड्रायव्हर रात्री दोन वाजता स्टिअरिंगवर अ‍ॅप उघडणार नाही. उघडूही नये.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा पेठेत वीज नव्हती. मोबाइलची बॅटरी जपून वापरत होतो. मी गाडीत बसून त्याच डेकवर बातम्या ऐकायचो, आणि खिडकीशी शेजारचे चार जण उभे असायचे. त्यात दोघे तालमीतले पोरगे. कुणी कुणाला धर्म विचारत नव्हतं, पाणी किती उतरलं एवढंच विचारत होते.

आता आपल्या लोकांना थोडं टोचेल असं बोलतो. उर्दूवर अन्याय होतो हे भाषण आपण मुशायऱ्यात छान करतो. पण आकाशवाणीला पत्र किती जणांनी लिहिलं? उर्दू सर्व्हिस १९६५ साली, युद्धाच्या वर्षी, सुरू झाली ती सरहद्दीपलीकडच्या श्रोत्यांसाठी. आमचे अब्बा ती भिंतीआडून ऐकावी तशी ऐकत होते. कोल्हापुरात, मराठी रस्त्यावर उर्दू ऐकणारा ड्रायव्हर कुणाच्या हिशेबातच नव्हता. आणि आपणही तो हिशेबात धरायला सांगितला नाही. वर्गणीचा डबा मात्र लगेच मागून आणला. त्यात मीही आलो.

मध्यम लहरींचे ट्रान्समीटर वीज खातात, ऐकणारे घटलेत, ही तक्रार खोटी नाही. पण गाडीतून बटण काढून टाकायचं आणि मग ऐकणारा नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? अमेरिकेत याच वादावरून २०२३ मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीला नव्या गाड्यांतून एएम काढण्याचा निर्णय फिरवावा लागला. संकटकाळात इशारा देणारी व्यवस्था त्यावर अवलंबून आहे, असं तिथल्या लोकप्रतिनिधींनी सुनावलं. दोन्ही पक्षांच्या.

मी कोल्हापूर आकाशवाणीला पत्र लिहिलंय. आठवड्यातून अर्धा तास द्या, उर्दू आणि मराठी एकत्र. गझल लागू दे, पण तिचा अर्थ मराठीत सांगणारं कुणी असू दे. शेजारी ओवी लागू दे आणि ती उर्दूत उलगडू दे. आमच्या आठवीच्या मुलांनी खाली सह्या केल्यात, निम्म्यांनी उर्दूत, निम्म्यांनी मराठीत. एकीनं दोन्हींत केली आणि विचारलं, चालेल का सर.

डेक दुल्हाभाईंनी परवा पडद्याखालच्या कप्प्यात बसवून दिला. अँटेनाची वायर दोघांना वाटून द्यावी लागली, अर्थिंग नव्यानं काढलं. "मास्टर, एक गाडी को दो रेडिओ?" म्हणत ते बराच वेळ हसत होते. रात्री रंकाळ्याजवळ गाडी थांबवून मी बटण फिरवलं. खरखरीत दूरवरचं कुठलंसं कन्नड केंद्र लागलं. अजून शोधतोय.