विश्लेषण : जुन्या ‘डेल्फी’च्या भरवशावर करिअर बेतावे का?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला निळ्या पडद्याचे ‘टर्बो सी प्लस प्लस’ वापरलेल्या पिढ्या आपल्याकडे आहेत. ते बनवणाऱ्या ‘बोरलँड’ या अमेरिकी कंपनीचे नाव मात्र फार थोड्यांना आठवेल. याच कंपनीने फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘डेल्फी’ हे सॉफ्टवेअर बनवण्याचे साधन बाजारात आणले. तीस वर्षांनंतरही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यात लिहिलेले प्रोग्रॅम रोज चालतात, पण महाविद्यालयांत ते शिकवले जात नाही आणि नोकरीच्या जाहिरातींत क्वचितच दिसते. अशा वेळी एखादी छोटी कंपनी नवख्या मुलाला ‘आमचे सगळे काम डेल्फीत आहे, येतोस का?’ असे विचारते, तेव्हा त्याने काय करावे?

डेल्फी म्हणजे काय?

बटणे, तक्ते, खिडक्या माउसने पडद्यावर मांडायच्या आणि त्यामागचा कोड ‘ऑब्जेक्ट पास्कल’ भाषेत लिहायचा, अशी ही पद्धत. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकमध्येही असे करता येई; पण त्यात बनवलेल्या प्रोग्रॅमसोबत इतर फाइली द्याव्या लागत. डेल्फी थेट मशीन कोड तयार करी. बहुतेक वेळा एकच फाइल ग्राहकाच्या संगणकावर टाकली की काम सुरू. ‘टोटल कमांडर’, ‘इनो सेटअप’, संगीतकारांचे ‘एफएल स्टुडिओ’ ही डेल्फीचीच अपत्ये. विंडोजवरील सुरुवातीचे ‘स्काइप’ही डेल्फीत लिहिलेले होते. म्हणजे साधन कच्चे होते म्हणून मागे पडले, असे म्हणता येत नाही.

मग मागे का पडले?

याचे उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि विक्रीत जास्त सापडते. १९८३ मध्ये बोरलँडने ‘टर्बो पास्कल’ अवघ्या ४९.९५ डॉलरला विकले. प्रतिस्पर्ध्यांच्या कम्पायलरची किंमत तेव्हा शेकडो डॉलर असे. मासिकात जाहिरात द्यायची, टपालाने फ्लॉपी पाठवायची. विद्यार्थ्याला परवडेल अशी किंमत ठेवली की उद्याचा ग्राहक आपोआप तयार होतो, हे या कंपनीइतके कोणाला कळले नव्हते. पुढे तीच कंपनी ते विसरली. नजर मोठ्या कंपन्यांच्या कंत्राटांवर गेली. १९९८ मध्ये तर तिने स्वतःचे नाव बदलून ‘इन्प्राइज’ केले, काही वर्षांनी ते पुन्हा बोरलँड झाले. ओळखीचा ब्रँड स्वतःच्या हाताने पुसण्याचा हा प्रकार अनाकलनीयच.

दरम्यान डेल्फीचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी ‘सी शार्प’ आणि पुढे ‘टाइपस्क्रिप्ट’ घडवले. बोरलँडने २००६ मध्ये डेल्फीचा विभाग विक्रीला काढला, २००८ मध्ये तो ‘एम्बार्काडेरो’ने घेतला आणि २०१५ मध्ये एम्बार्काडेरोच ‘आयडेरा’कडे गेली. या काळात मायक्रोसॉफ्टने शिकणाऱ्यांना साधने फुकट द्यायला सुरुवात केली होती. डेल्फीची मोफत ‘कम्युनिटी’ आवृत्ती आली २०१८ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी दुसरीकडे शिकून नोकरीलाही लागली होती.

याचा नोकरीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. नवे विद्यार्थी येत नाहीत म्हणून कंपन्यांना माणसे मिळत नाहीत. माणसे मिळत नाहीत म्हणून कंपन्या नवे काम त्या साधनात सुरू करत नाहीत. जुने काम मात्र राहते. जाणकार कमी म्हणजे भाव जास्त, असा युक्तिवाद यावर केला जातो आणि दाखला ‘कोबोल’चा दिला जातो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना मदतीची जाहीर हाक दिली होती, हे खरे. पण कोबोलच्या मागे बँका आणि सरकारे उभी आहेत. त्यांना ते सहज टाकता येत नाही आणि पैसे मोजणे परवडते. डेल्फीचे बरेचसे ग्राहक मध्यम आणि लहान आहेत. तिथला एकुलता एक जाणकार महत्त्वाचा असतो, पण नोकरी बदलायची म्हटली की दुसरे दार जवळपास नसते. पगाराची घासाघीस करताना हीच गोष्ट आड येते.

दुसरे टोक ‘फॉक्सप्रो’चे. लहानमोठ्या कार्यालयांचे हिशेब त्यावर चालत असताना मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये अधिकृत पाठबळही थांबवले. चालू प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडले नाहीत. त्यावर नवे करिअर उभारण्याचा मार्ग मात्र बंद झाला. डेल्फी या दोहोंच्या मधे आहे : मालक आहे, आवृत्त्या येतात, शिवाय ‘फ्री पास्कल’ आणि ‘लाझारस’ ही मुक्त साधने पर्याय म्हणून आहेत.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न : कोणती आवृत्ती वापरता? ‘डेल्फी सात’ असे उत्तर आले तर सावध व्हावे. ती आवृत्ती २००२ ची, आणि अनेक कंपन्या तिथेच थांबल्या. कारण २००९ च्या आवृत्तीत अक्षरे साठवण्याची मूळ पद्धत बदलून युनिकोड झाली आणि जुना कोड जसाच्या तसा चालेना. मराठी माणसाला ही अडचण चटकन कळेल. शिवाजी, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली ग्राहकांची नावे युनिकोडमध्ये आणायची, तर प्रत्येक अक्षराचे रूपांतर तपासावे लागते. कंपनी हे काम करायला निघाली असेल आणि त्यात तुम्हाला घेत असेल, तर ती शिकण्याची उत्तम संधी आहे. ‘चालतंय ना, हात लावू नका’ असे धोरण असेल, तर दोन वर्षांनी तुमच्या बायोडेटात लिहिण्यासारखे फारसे नसेल.

दुसरे, बाहेरून विकत घेतलेल्या कम्पोनंटचा सोर्स कोड कंपनीकडे आहे का? ती बनवणारे व्यवसायातून गेले असतील तर कोडची गाडी तिथेच अडते. तिसरे, डेटाबेसचे काम तुमच्याकडे येईल का? हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एसक्यूएल कोणत्याही कंपनीत चालते.

नवख्याने अशी नोकरी घ्यावी, असेच आमचे मत आहे, पण मुदत मनात ठरवून, आणि संध्याकाळी दुसरे साधन शिकत. हेल्सबर्ग यांच्यामुळे सी शार्पमध्ये डेल्फीच्या अनेक कल्पना उतरल्या आहेत, त्यामुळे ती उडी वाटते तेवढी लांब नाही.

पंचेचाळिशीतल्यांचे काय?

वीस वर्षे डेल्फीत घालवलेल्या माणसाला ‘नवे शिका’ एवढेच सांगणे म्हणजे हात झटकणे. त्याच्या हाती सिंटॅक्सपेक्षा मोठे काहीतरी असते. रुग्णालयाच्या बिलात सवलत कोणत्या क्रमाने लागते, माल परत आला की कर कसा उलटवायचा, हे नियम बहुधा कुठेच लिहिलेले नसतात; ते त्या कोडमध्ये आणि त्याच्या डोक्यात असतात. कंपनी जेव्हा जुने सॉफ्टवेअर मोडून वेबवर नेते, तेव्हा नव्या चमूला कोड वाचता येतो, पण त्यातली एखादी विचित्र अट का घातली ते कळत नाही. अशा वेळी स्थलांतराच्या कामात स्वतःहून शिरावे, ते नियम कागदावर आणण्याची जबाबदारी मागावी आणि पदाच्या नावात ‘डेल्फी’ऐवजी त्या व्यवसायाचे नाव येईल असे पाहावे. हे बोलणे स्थलांतराचे कंत्राट बाहेरच्या कंपनीला जाण्याआधी व्हायला हवे. नंतर केवळ ‘हस्तांतरण’ करून देण्याचे तीन महिने उरतात.