इग्वाना आणाल, पण ठेवाल कुठे?

मोबाईलवर पाहून आपल्या मुलांनाही हिरवा इग्वाना पाळावासा वाटू लागला आहे. नांदेड-लातूरच्या वस्त्यांतून आम्हाला तशी विचारणा होते, म्हणून हे लिहीत आहोत.

हा मध्य व दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा सरडा. विकत घेताना वीतभर असतो, माशांच्या काचपेटीत मावेल असे वाटते. पुढे शेपटीसह पाच-सहा फूट होतो. त्याला माणूसभर उंच पिंजरा आणि चढायला जाड फांद्या लागतात. हवाही दमट लागते. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पिंजऱ्यात रोज पाणी शिंपडणे परवडेल काय? पत्र्याच्या खोलीत तर तो आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात पत्र्याखाली आपण निदान पदराने वारा घेतो. त्या मुक्या जिवाला घामसुद्धा येत नाही. पहिले शील आपण रोज म्हणतो, ते त्यालाही लागू आहे.

ऊन मात्र थेट हवे. हाडे बळकट करणारे किरण खिडकीची काच अडवते. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. सकाळी नऊ-दहाचे ऊन द्यावे, शेजारी सावली ठेवावी. खायला शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची फुले, अंडी-मटण नको.

आपली घोरपड तर पाळताच येत नाही. १९७२ च्या कायद्यात ती वाघाच्याच अनुसूचीत आहे. तिचे तेल गुडघ्याला चोळणे ही निव्वळ बुवाबाजी.

इग्वाना घरात असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी. झेपत नाही म्हणून गोदाकाठी सोडू नये. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.