जर्सी पुरे, मैदान द्या

वस्तीतल्या फुटबॉल क्लबला मदत करायची म्हटलं की लोक जर्सी घेऊन येतात. पाठीवर नंबर, छातीवर भाऊंचा नाहीतर दादांचा फोटो. स्पर्धेच्या दिवशी मांडव, डीजे आणि गोलकीपरपेक्षा उंच चषक. दुसऱ्या दिवशी मांडववाला खुंट्या उपटून निघून जातो. मग सरावाआधी पोरं एका ओळीत मैदान चालत जातात आणि खिळे, काचा, सुतळीत गुंतलेले तारेचे तुकडे वेचतात. खुंट्यांचे खड्डे बुजवायचं काम बहुतेक गोलकीपरच्या वाट्याला येतं, कारण अंग टाकायचं त्यालाच असतं.

असा क्लब चेंडूवाचून बंद पडत नाही. मैदान जातं म्हणून बंद पडतो, किंवा संध्याकाळी फुकट राबणारा प्रशिक्षक थकतो म्हणून. या दोन गोष्टी वाचवण्यासाठी तुमची मदत हवी आहे. बाकीचं पोरं स्वतः बघतात. एकाचे बूट बदली खेळाडूला चढवून सामने काढणारी ही मुलं आहेत.

नागपूरची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुलं दिसली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे त्याचं ‘स्लम सॉकर’ झालं, २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. सिनेमा बघून आपण डोळे पुसले, अमिताभला शिट्ट्या मारल्या. पण बारसेसरांनी निवृत्तीच्या पैशांचं काय केलं याची चर्चा फारशी झाली नाही. त्यांनी जागा घेतली. पुरस्कार येतात-जातात, सातबारा राहतो, हे खेळाच्या मास्तराला बरोबर कळलं होतं.

वस्तीतली अशी मुलं जिथं खेळायला जातात, त्या बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचा एक नियम मला फार बोलका वाटतो. सामना चार-चार जणांचा, सात-सात मिनिटांचे दोन डाव, आणि कुठल्याही खेळाडूला तिथं आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे विमानातून उतरल्यावर पोरगा पुन्हा आपल्याच गल्लीत. तिथं त्याच्यासाठी मैदान असेल आणि धाकट्या पोरांना शिकवण्याचं काम असेल, तर तो टिकतो. नसेल तर तेच जुने मित्र आणि तोच जुना नाका.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली; पुढे त्याचीच ‘ऑस्कर’ ही संस्था झाली. ससून डॉकवर कामाला लागून शाळा सोडणारे सोबती त्यांनी पाहिले होते. त्यांचा नियम सरळ आहे : शाळा नाही, तर फुटबॉल नाही. मास्तरांच्या छडीपेक्षा हा नियम जास्त चालतो. पण चालतो केव्हा? फुटबॉल रोज असेल तेव्हा. आठवड्यातून एकदा, तेही मैदान रिकामं मिळालं तर, असा खेळ असेल तर कुठला पोरगा त्याच्या धाकानं गणिताच्या तासाला बसणार?

आता मैदानं जातात कशी ते नीट समजून घ्या, कारण ती एका रात्रीत जात नाहीत. शहराच्या विकास योजनेत एखाद्या खासगी जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडतं. दहा वर्षांत पालिकेनं ती संपादित केली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण ‘व्यपगत’ होतं. कुणी बुलडोझर आणत नाही, कुणी आंदोलन करत नाही. फाइल एका टेबलावर पडून राहते, आणि तेवढ्यानंच भागतं. दुसरी वाट कलम ३७ ची. तिथं आरक्षणाचा वापरच बदलला जातो. त्यासाठी मात्र जाहीर सूचना काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात छापलेली असते. ती वाचणारा एक तरी माणूस प्रत्येक वस्तीत हवा. निवृत्त कारकून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

तिसरी वाट दिसायला फार सुंदर असते. मैदान पालिकेचंच राहतं, पण देखभालीसाठी कुणाला तरी दिलं जातं. हिरवागार टर्फ येतो, जाळी येते, दिवे येतात आणि तासाचा दर येतो. संध्याकाळचा दर हजाराच्या पुढं जातो. जाळीला नाक लावून बघणं तेवढं फुकट. टर्फला माझा विरोध नाही. पण सार्वजनिक जागेवर तो होत असेल, तर रोज संध्याकाळचे दोन तास परिसरातल्या मुलामुलींना विनामूल्य, ही अट करारातच हवी. तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि प्रशिक्षक. सकाळी पार्सलं पोचवून किंवा दुकानात उभं राहून संध्याकाळी साठ पोरं सांभाळणारा हा पंचविशीतला माणूस लग्न ठरलं की क्लब सोडतो. त्याला दोष कसा देणार? २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असा उपक्रम निघाला होता. एका दिवसासाठी एवढं मन लावता येतं, तर एका माणसाच्या बारा महिन्यांच्या मानधनासाठी का नाही? कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळाच्या प्रशिक्षणावरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत, म्हणजे सीएसआरमध्ये बसतो आणि ऑलिंपिक खेळांचा तिथं स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीत सीएसआरच्या टेबलाशी तुमची ओळख असेल, तर यंदा टी-शर्टांऐवजी प्रशिक्षकाचा पगार मागा. ओळख नसेल तर दहा घरांनी मिळून दरमहा वर्गणी काढा. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या संघांमागं पेठा उभ्या राहतात, म्हणून शाहू स्टेडियम भरतं. इतर शहरांतल्या वस्त्यांना तशी पेठ नाही. त्यांची पेठ तुम्हीच व्हायचं आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा काढावाच लागतो. मैदान असूनही त्यांना ते मिळत नाही, कारण मोठी मुलं आधीच क्रिकेटचे स्टंप रोवून बसलेली असतात. जवळ स्वच्छतागृह नसेल आणि दिवा नसेल, तर आई सहाच्या आत घरी बोलावते. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेच्या मुलींनी सह्यांची मोहीम काढली, आमदारांपर्यंत पोचल्या आणि खेळायला मैदान मागितलं. बाप्यांकडं परवानगी मागत बसल्या असत्या, तर अजून बसल्याच असत्या.

तेव्हा येत्या आठवड्यात एवढं करा. पालिकेच्या नगररचना विभागातून तुमच्या मैदानाचा भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. मैदान कुणाच्या नावावर आहे, आरक्षण कधीचं आहे, कुणाशी करार झालाय, हे माहितीच्या अधिकारात विचारा; उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. शेजारच्या शाळा-कॉलेजाच्या मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना भेटून संध्याकाळी पाच ते सात फाटक उघडं ठेवायची लेखी परवानगी मागा. जाताना प्रशिक्षकाला आणि दोन मुलींना सोबत न्या. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि तिची एक प्रत क्लबकडे ठेवायला द्या.