पाणी कुठे जातं?

धारवाडच्या सोमेश्वर देवळापाशी उगवणारी शाल्मला पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. हुबळीकडच्या काळ्या रानातलं पाणी मात्र बेण्णेहळ्ळातून मलप्रभेत, मग कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. जन्म इथला, पण हे मला कळलं लँडस्केपच्या स्टुडिओत, तेही नापास होता होता!

उणकल तलावाकाठी उद्यान आखायचं होतं. मी हिरवळ, कारंजं, फरसबंदी असं देखणं चित्र काढलं. मॅडमनी विचारलं, "पाऊस पडला की इथलं पाणी कुठे जातं?" मी गप्प. मग समोच्च रेषांचा नकाशा घेऊन दोन रविवार तिथे पायपीट केली. माझी फरसबंदी नेमकी ओघळावर! आता तिथे गवताचा खोलगट पट्टा आणि करंजाची झाडं दाखवलीत. कारंजं काढलं म्हणून आई अजून हळहळते. जूरी शुक्रवारी आहे.