‘बोलेल हळूहळू’ म्हणता म्हणता वर्षं जातात; तपासणी मात्र राहून जाते

आंजी (मोठी) : जूनअखेर आपल्याकडच्या शाळा उघडतात आणि पहिलीच्या वर्गात नवी लेकरं येऊन बसतात. त्यातलं एखादं गुरुजींनी हाक मारली तरी वळून पाहत नाही. एखादं कोपऱ्यात बसून डब्याचं झाकण गोल गोल फिरवत राहतं. गुरुजी घरच्यांना बोलावतात आणि तेव्हा कुठे दवाखान्याचा विषय निघतो. लेकरू तोवर सहा वर्षांचं झालेलं असतं. खरं तर हा विषय निघायला हवा होता ते दीड वर्षाचं असताना.

दुसऱ्याच्या घरचं सांगण्याआधी आपल्याच घरचं सांगतो. माझा भाचा दीड वर्षाचा झाला तरी ‘आई’ म्हणत नव्हता. बहिणीला शंका आली, तिने मला विचारलं. मी म्हटलं, “बोलन व हळूहळू. मी नाही का तीन वर्साचा झाल्यावर बोललो.” अंगणात ट्रॅक्टर आला की पोरगा वळून पाहायचा, म्हणून त्याला ऐकू येतं असंच आम्ही धरून चाललो. जमीन हादरते ते त्याला कळत होतं, आवाज नव्हता येत. चौथ्या वर्षी तपासणी झाली, तर दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. आज त्याला कानाची मशीन आहे, तो खुणांनी बोलतो, शाळेत जातो, हुशार आहे. पण ती अडीच वर्षं माझ्या एका वाक्यामुळे गेली, हे मी विसरू शकत नाही.

‘बोलत नाही’ याची कारणं वेगवेगळी

आपल्याकडे न बोलणाऱ्या सगळ्याच लेकरांना एका माळेत ओवतात. पण ताप जसा दहा कारणांनी येतो, तसंच हे आहे.

पहिलं कारण कानाचं. लेकराला ऐकूच येत नसेल तर शब्द शिकणार कुठून? दुसरं कारण स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. यात कान बरेचदा ठीक असतात, पण लेकरू नजरेला नजर देत नाही, नावाने हाक मारली तर प्रतिसाद देत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतं. काहींना मिक्सरचा किंवा डीजेचा आवाज अजिबात सहन होत नाही. तिसरं कारण फक्त वाचेचं : ऐकू येतं, समजतं, पण उच्चार होत नाहीत किंवा बोलताना अडखळतं. टाळूला चीर असेल तरीही बोलणं अडतं. काही लेकरांची सगळीच वाढ सावकाश होते, त्यात बोलणंही मागे राहतं.

म्हणून न बोलणाऱ्या लेकराची पहिली तपासणी कानाची. तान्ह्या बाळाचीही ती होते. ओएई नावाच्या तपासणीत कानात छोटी नळी ठेवून यंत्र आवाज सोडतं आणि कानाचा प्रतिसाद मोजतं. काही मिनिटांचं काम आहे. त्यात शंका आली तर बेरा तपासणी करतात. त्यात बाळ झोपलेलं असताना आवाजाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते कळतं. दोन्हींत सुई नाही की दुखणं नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक जगभरचे डॉक्टर सांगतात. आपण सहाव्या वर्षी जागे होतो.

घरच्या घरी एवढं पाहा. वर्षाचं लेकरू नावाने हाक मारल्यावर वळलं पाहिजे, ‘बाबा-दादा’ असे आवाज काढले पाहिजे. दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू दाखवणं आणि काही सुटे शब्द यायला हवेत. दोन वर्षांचं झालं की ‘दूध दे’, ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जोड यायला हवी. आणि येत असलेले शब्द अचानक बंद झाले तर वय कितीही असो, लगेच दाखवा.

पराटीचं बी आठ-दहा दिवसांत वर आलं नाही तर आपण ‘येईल हळूहळू’ म्हणत बसत नाही, त्या जागी दुसरं टोबतो. लेकराचं वय तर पुन्हा टोबता येत नाही.

आणखी एक. हे ग्रहणामुळे, कोणाच्या नजरेमुळे किंवा लसीमुळे होत नाही. आईने लक्ष दिलं नाही म्हणून तर मुळीच होत नाही. मोबाईलने स्वमग्नता होत नाही, पण लेकराच्या हातात दिवसभर मोबाईल असेल तर त्याच्याशी बोलायला घरात कोणी उरत नाही, हे खरं. स्वमग्नता मुळापासून घालवणारं औषध नाही. कोणी पैसे घेऊन तसं सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

सोय आहे, साखळी मधेच तुटते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे. ऐकू न येणं, बोलण्यातला उशीर आणि स्वमग्नतेची लक्षणंही त्या यादीत आहेत. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. शिवाय तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आशाताईच्या पाच घरभेटी ठरलेल्या आहेत आणि माता-बाल कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले आहेत. म्हणजे कागदावर कमी काही नाही.

मग लेकरू सुटतं कुठे? मला दोन जागा दिसतात.

एक, पथक येतं त्या दिवशी नेमकं तेच लेकरू अंगणवाडीत नसतं. कधी ते मामाच्या गावी असतं, तर कधी घरच्यांनीच ठेवून घेतलेलं असतं, कारण ‘लोक काय म्हणतील’. दोन, पथकाने पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली तरी घरचे जात नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एका माणसाची मजुरी बुडाली, वरून एसटीचं भाडं. थेरपी तर एका खेपेत होत नाही, महिनोन् महिने चालते. दोन-तीन खेपांनंतर फाइल कपाटात जाते. याचा दोष एकट्या मायबापाला देता येत नाही.

आपला वर्धा-आर्वी रस्त्यावरचा पट्टा तसा नशीबवान आहे. एकीकडे सेवाग्राम, दुसरीकडे सावंगी, दोन्हीकडे मोठी रुग्णालयं. खुद्द आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही आहे. जुन्या लोकांना ‘क्लिक्स’ आठवत असेल. 2003 ते 2008 या काळात आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांखालच्या 67 गावांत सेवाग्रामने तो कार्यक्रम राबवला. बचत गटाच्या बाया, किशोरी पंचायती आणि गावात निवडलेल्या कार्यकर्त्या नवजात बाळाची धोक्याची लक्षणं ओळखायला शिकल्या.

ज्या गावांतल्या बाया बाळाचा श्वास जोरात चालला की ओळखायला शिकल्या, त्या बायांना दीड वर्षाचं लेकरू बोट दाखवतं की नाही हे ओळखणं जड नाही. फक्त ते कोणीतरी शिकवलं पाहिजे.

गोव्यात काय करून पाहिलं

‘हे तज्ज्ञांचं काम, आपल्या गावात कसं होईल,’ असं कोणी म्हणेल. त्याला गोव्याचं उदाहरण आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून स्वमग्नता असलेल्या 65 लेकरांवर एक अभ्यास झाला. निम्म्या घरांना नेहमीच्या उपचारांसोबत जास्तीची मदत मिळाली. ती देणारे मोठे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा भेटी. आई लेकरासोबत खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा, तिलाच दाखवायचा आणि विचारायचं : इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही काय केलं?

2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचे निकाल आले. या घरांतली लेकरं आईबापाशी आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली होती. स्वमग्नता गेली नाही आणि अभ्यासही लहानच होता. पण खरं काम घरात, मायबापाच्या हाताने होतं आणि ते शिकवायला गावातलं शिकलेलं माणूसही चालतं, एवढं त्यातून दिसलं. व्हिडिओ काढायला लागणारा मोबाईल तर आता घरोघरी आहे.

हक्काचं काय?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यात स्वमग्नता आहे, वाचा-भाषा दोष आहे, श्रवणदोष तर आधीपासून होताच. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून परत पाठवणं कायद्यात बसत नाही.

पण वर्गात शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवलं : प्राथमिकला दहा मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. मार्च 2025 मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना ही पदं जाहीर करून भरायला सांगितलं. आपल्या केंद्रातल्या शाळांना विशेष शिक्षक किती आणि ते महिन्यातून किती वेळा येतात, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारावं.

पैशाचं म्हणाल तर जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकराच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. ‘बोलेल हळूहळू’चा फटका इथे सरळ बसतो. स्वमग्नता असेल तर निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरला आहे. नुसता श्रवणदोष असलेल्यांना मात्र हा विमा लागू नाही. या सगळ्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं, म्हणून निदान झालं की ते काम आधी उरका.

आणि सगळ्यात जवळचा पैसा ग्रामपंचायतीत आहे. स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाच्या शेवटी सारख्या रकमा वाटून संपवतात. थोडे पैसे हातात पडतात आणि विषय मिटतो. त्याच निधीतून थेरपीला जाण्यायेण्याचं भाडं किंवा मशीनचे सेल मिळाले, तर कपाटात गेलेल्या फाइली बाहेर येतील.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नाल्या आणि रस्त्यांच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. तपासणी पथक गावात कधी येणार, त्याची दवंडी आठ दिवस आधी होणार का? मागच्या तपासणीत चिठ्ठी मिळालेली लेकरं किती आणि त्यातली पोचली किती? पाच टक्के निधीतून प्रवासभाडं देणार का? उत्तरं मिळाली नाहीत तर प्रश्न ठरावाच्या वहीत लिहून घ्या.

आणि घरात कोणी बाई म्हणाली की ‘लेकरू बोलत नाही’, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आरोग्य केंद्रात जा. सगळं ठीक निघालं तर एक दिवसाची मजुरी गेली असं समजा.